छोटीताईचा हाफ गार्ड

पन्नाशी जवळ आली तरी तिला सगळे छोटीच म्हणायचे. पाच बहिणींमधलं शेंडेफळ म्हणून माहेरी छोटी, आणि डोकं जेमतेम नवऱ्याच्या खांद्याला लागायचं म्हणून सासरीही छोटीच. वृद्धाश्रमात कामाला लागली तेव्हा त्या नावाला 'ताई' तेवढं चिकटलं.

छोटीताईचं काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांची उठबस. त्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत न्यायचं. जे उठूच शकत नाहीत त्यांना थोड्या थोड्या वेळानं कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. नव्या पोरी धापा टाकत पेशंटला उचलायला जायच्या तेव्हा ती म्हणायची, "अगं, उचलतेस काय पोत्यासारखं! गुडघा दुमडून घे, खांद्याला हात लाव, माणूस आपोआप वळतो."

एकदा बाथरूममध्ये एका आजींना धरून आणताना तिचाच पाय सटकला. आजींना काही झालं नाही, कारण त्या तिच्या अंगावर पडल्या. छोटीताई मात्र माकडहाडावर आपटली आणि पुढे बरेच दिवस उशी घेऊन बसायची. आश्रमात व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट बाई यायच्या. मऊ बोलणाऱ्या, बारीक चणीच्या. त्यांनी तिची कंबर तपासली आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हाला पडता येत नाही."

"म्हणजे?"

"पडायला शिकावं लागतं. मी जिथे जाते तिथे या एकदा. जुजुत्सूचा क्लास आहे."

छोटीताईला वाटलं, योगासनांसारखं काहीतरी असेल. सुट्टीच्या दिवशी पत्ता शोधत गेली. टायरच्या दुकानाखाली तळघर होतं. जिना उतरून दारातून डोकावली आणि जागच्या जागी थिजली. निळ्या गाद्यांवर पुरुष-बायका जोडीजोडीनं एकमेकांत गुरफटून पडले होते. कुणाचं डोकं कुणाच्या काखेत, कुणाचा पाय कुणाच्या मानेवर. मशीनमधून काढलेल्या ओल्या कपड्यांचा पीळ पडावा तसा सगळा प्रकार. आणि मधोमध, जाड पांढरा कोट घातलेल्या एका दांडग्या माणसाच्या छातीवर कोण बसलं होतं? आश्रमात आजीबाईंना "हळूच हं, दुखेल" असं म्हणणाऱ्या त्या मऊ बाई! तो दांडगा गादीवर थाप मारत होता, आणि थाप ऐकताच बाईंनी त्याला पटकन सोडलं. दोघं हसले आणि पुन्हा भिडले.

छोटीताई चपला न काढताच मागे वळली होती. पण बाईंनी पाहिलं.

"आलात! या, या. घाबरू नका. थाप मारली की समोरच्यानं सोडायचं. इथला पहिला नियम तोच."

कोच म्हणजे एक वाळकुडा, कमी बोलणारा गृहस्थ. त्याचे कान चुरगळलेल्या कागदासारखे झाले होते आणि एक गुडघा ऑपरेशननंतर नीट वाकत नव्हता. पहिले काही दिवस त्यानं तिला फक्त पडायला लावलं. हनुवटी छातीशी, हात बाजूला, पाठ गोल. ते तिला जमलं. मग एके दिवशी त्यानं फिजिओबाईंना तिच्यावर बसवलं. छोटीताई उताणी पडली, वरून बाईंचं सगळं वजन, खांदा गालफडात रुतलेला. श्वास कोंडला. डोळ्यांसमोर छतावरचा पंखा तेवढा दिसत होता. एवढ्याशा बाईत इतकं वजन येतं कुठून, याचाच तिला धक्का बसला.

कोच शेजारी उकिडवा बसला. चांगला गुडघा दुमडून, दुसरा पाय लांब करून. "उताण्या झालात तुम्ही. उताणं पडलं की खेळ संपला. कुशीवर या."

कुशीवर! एवढा शब्द ऐकला आणि छोटीताईचं अंग आपसूक हललं. गुडघा दुमडला, खांदा उचलला आणि ती वळली. बाईंचा एक पाय तिच्या दोन पायांत अडकला होता, तो तिनं तसाच घट्ट धरून ठेवला.

"हां! आता हा झाला हाफ गार्ड," कोच म्हणाला. "दोन्ही पायांनी समोरच्याच्या कमरेला विळखा घातला तर पूर्ण गार्ड. तो सुटून त्याचा नुसता एक पाय आपल्या पायांत राहिला तर अर्धा. पुष्कळांना वाटतं, अर्धा म्हणजे हरायला लागलो. माझा हा गुडघा गेल्यापासून माझा सगळा संसार या अर्ध्यावर चाललाय. वरचा गुडघा त्यांच्या छातीला आडवा लावा. आता हात त्यांच्या काखेखालून पाठीवर घाला. लवकर! तुमचा गेला नाही तर त्यांचा जाईल. डोकं छातीला चिकटवा. बघा, येतोय श्वास?"

श्वास येत होता. छोटीताई खालीच होती, वर वजनही तेवढंच होतं, पण आता ते तिच्यावरून घरंगळत होतं. तिनं काखेतला हात उचलून रेटा दिला आणि बाई बाजूला कलंडल्या. छोटीताई उठून बसली आणि स्वतःच्याच हातांकडे बघत राहिली.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याच्या हातातला घास हातातच राहिला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा. सगळं आयुष्य केसाएवढ्या फटीकडे बघण्यात गेलेलं, स्वभावानं शांत.

"परका माणूस अंगावर पडणार, आणि तू त्याचा पाय पकडून ठेवणार?"

"हो."

"सोडवून घ्यायचं सोडून पकडून ठेवायचा?"

"अहो, सोडला तर तो पुढे सरकून छातीवर बसतो ना!"

पुढच्या वेळी तो बरोबर आला. बूट मांडीवर घेऊन बाकावर तासभर बसला, एकदाही पापणी न हलवता. बाहेर पडून बूट घालता घालता म्हणाला, "तुझा डावा हात उशिरा जातो." तेव्हापासून त्यानं कधी विरोध केला नाही.

वर्ष गेलं, दुसरं गेलं. छोटीताईला बाकी डाव फारसे आले नाहीत. उड्या मारणं, पायांच्या त्रिकोणात समोरच्याची मान आवळणं तिच्या कंबरेला मानवत नव्हतं. पण कुशीवरचा हाफ गार्ड तिचा एवढा पक्का झाला की तरणीताठी मुलंही म्हणायची, "ताईंच्या पायात पाय गेला की मुक्काम पडला." तिथून सांधा अडकवायचं एक कुलूपही तिला छान लावता यायचं. वरच्यानं तोल सावरायला हात जमिनीवर टेकवला की ती त्याचं मनगट धरायची, दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून स्वतःचंच मनगट पकडायची आणि त्याचा हात पाठीमागे पिरगाळायची. खांदा शेवटाला आला की समोरचा थाप मारायचा. ती सोडायची. हे इतक्या वेळा झालं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्या सुमारास आश्रमात क्रेनवाले काका आले. बंदरावर जन्मभर क्रेन चालवलेला धिप्पाड माणूस. हात अजून लोखंडासारखे, डोकं मात्र साथ सोडून चाललं होतं. मुलगा आठवड्यातून एकदा येऊन गप्प बसून जायचा. काका एरवी सालस होते. खिडकीतून बाहेर बघत हवेत कुठलेतरी दांडे ओढायचे आणि छोटीताईला "सुपरवायझर" म्हणायचे.

"काय हो काका, आज किती माल उतरवला?"

"तू मोजायचं. ते तुझं काम," ते म्हणायचे आणि गडगडून हसायचे. सगळ्या म्हाताऱ्यांत तिचा त्यांच्यावर विशेष जीव होता.

एका दुपारी जेवणं उरकून आश्रम डुलक्या घेत होता. छोटीताई औषधांचा ट्रे घेऊन व्हरांड्यातून चालली होती. काकांच्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि मागोमाग एक चमत्कारिक घुसमटलेला सूर. तिनं दार ढकललं. नुकतीच कामावर लागलेली पोरगी झोपलेल्या काकांची ओली चादर बदलायला गेली असावी. दचकून जागे झालेल्या काकांनी तिला भिंतीशी दाबलं होतं. दोन्ही पंजे तिच्या गळ्यावर. पोरीचे पाय जमिनीवर नुसते घासत होते.

"काका! सोडा! काका!"

त्यांना ऐकू येत नव्हतं. डोळे उघडे होते, पण त्यांतून बघणारं कुणी ओळखीचं नव्हतं. छोटीताईनं मधे शिरून त्यांचे अंगठे सोडवले. पोरगी घसरून खाली बसली. "पळ! कुणालातरी बोलव!" छोटीताई ओरडली आणि त्याच क्षणी काका तिच्याकडे वळले. त्यांच्या धक्क्यानं दोघंही पलंग आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत कोसळली. ती खाली, ते वर.

हनुवटी छातीशी गेली, डोकं वाचलं. पण पाठोपाठ त्यांचा कोपर तिच्या गळ्यावर आला. वजन कसलं, अख्खी भिंतच अंगावर आली होती. उताणं पडलं की संपलं. ती कुशीवर वळली. त्यांचा एक पाय तिच्या दोन पायांत सापडला, तो तिनं आवळला. गुडघा त्यांच्या छातीला आडवा गेला. गळा मोकळा झाला. श्वास आला. काका गुरगुरत होते, पुढे सरकायला बघत होते, आणि सरकण्यासाठी त्यांनी उजवा पंजा तिच्या डोक्याशेजारी फरशीवर टेकवला.

तिनं मनगट धरलं.

पुढचं तिनं केलं नाही, झालं. दुसरा हात त्यांच्या दंडावरून गेला, स्वतःच्या मनगटाला चिकटला आणि कुलूप बसलं. तिनं अंग वळवलं. तो लोखंडी हात पाठीमागे जायला लागला. गेला, आणखी गेला, खांदा शेवटाला आला. तिच्या तळहातांना तो शेवट नेहमीसारखा कळला. आता थाप येईल. थाप आली नाही. ती आणखी पिरगाळत राहिली. खांद्यात काहीतरी कटकन वाजलं आणि काका लहान मुलासारखे कळवळले, "आई गं!"

छोटीताईचं काळीज लक्कन हललं. थाप येणार कुठून? यांना थाप ठाऊकच नव्हती.

तिनं हात झटक्यात सोडले, विस्तवावरून काढावेत तसे. आणि सोडल्यावर तिला कळलं की काका अजून अंगावर आहेत आणि अजून घाबरलेले आहेत. तिनं पायाची पकड तेवढी ठेवली, हात त्यांच्या काखेखालून पाठीवर घातला, कान छातीला लावला. आत धडधड चालली होती. आपलीही तशीच चालली आहे हे तिला जाणवलं. तोंडातून शब्द कुठून आले देव जाणे.

"काका, क्रेन थांबवा. माल टेकलाय खाली."

गुरगुर थांबली.

"टेकलाय हो. मी बघितलं ना. दोर सैल सोडा आता."

"टेकला?" खूप लांबून आल्यासारखा आवाज.

"टेकला."

त्यांचं अंग हळूहळू ढिलं पडलं. सगळं वजन तिच्या गुडघ्यावर आलं. ती तशीच धरून राहिली.

दारात माणसं जमली होती. सगळ्यात पुढे काकांचा मुलगा. तो नेमका त्या दुपारी भेटायला आला होता. त्याला दिसलं ते एवढंच की आपले वडील फरशीवर आहेत आणि त्यांच्याखाली एक बाई हातापायांनी त्यांना विळखा घालून पडली आहे.

"हे काय चाललंय?" तो किंचाळला. "काय करताय तुम्ही त्यांना?"

डॉक्टर आले. खांदा निखळला नव्हता, पण आतला स्नायू ताणला जाऊन थोडा फाटला होता. हात गळ्यात बांधावा लागला. आश्रमाच्या व्यवस्थापक बाईंनी सगळ्यांना ऑफिसात बसवलं. छोटीताईच्या गळ्यावर लाल वळ होता. नव्या पोरीच्या गळ्यावर बोटं उमटली होती. ती हुंदके देत म्हणत होती, "ताई नसत्या तर मी गेले असते." व्यवस्थापक बाई मुलाला समजावत होत्या, "बघा, पडताना हाताला लागलं असणार त्यांच्या."

सुटायचं असतं तर तिथेच सुटता आलं असतं. छोटीताईला मात्र त्या खुर्चीत बसवेना.

"पडताना नाही लागलं," ती म्हणाली. "मी पिरगाळला. मोडतच होते मी. ते ओरडले म्हणून थांबले."

व्यवस्थापक बाईंनी कपाळाला हात लावला. मुलगा तिच्याकडे बघत राहिला. आता हा अंगावर येणार, असं सगळ्यांना वाटलं. तो मात्र खुर्चीत मटकन बसला आणि त्यानं शर्टाची कॉलर खाली ओढली. गळ्याच्या बाजूला जुना, पांढरट पडलेला ओरखडा होता.

"घरी पण झालं होतं," तो म्हणाला. "दोनदा. दुसऱ्या वेळी बायकोनं पातेलं घातलं त्यांच्या पाठीत, तेव्हा सुटलो. इथे आणताना मी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही घेतलं नसतं. आधी जिथे खरं सांगितलं, तिथे नाहीच घेतलं कुणी."

छोटीताईला बसलेला हा त्या दुपारचा दुसरा धक्का. एवढा वेळ तिला स्वतःची लाज वाटत होती. आता त्या लाजेत संताप मिसळला आणि तो कुणावर काढावा हे कळेना. तिनं पोरीकडे बोट दाखवलं.

"हिचा गळा बघा. नीट बघा. आम्हाला ठाऊक असतं तर ही एकटी गेली असती का त्या खोलीत?"

मुलानं पाहिलं. मान खाली घातली. "चुकलं," एवढं म्हणाला. छोटीताईनं "असू दे" म्हटलं नाही. म्हणावंसं वाटलंच नाही. पोरगी त्या संध्याकाळी गेली ती कामावर परत आली नाही. फोन केला तर आईनं उचलला आणि ठेवून दिला.

त्या रात्री घरी नवऱ्यानं छोटीताईच्या गळ्यावरचा वळ पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं ऐकून घेतल्यावर तो पलंगाशेजारच्या सतरंजीवर गुडघ्यांवर बसला. "दाखव मला. कसं झालं ते."

ती आडवी झाली, कुशीवर वळली, त्याचा पाय धरला, गुडघा लावला. त्यानं हात टेकवला. मनगट समोर होतं. तिची बोटं त्याच्याकडे गेली आणि मिटेनात.

"राहू दे," तो म्हणाला, आणि तसाच तिच्या शेजारी सतरंजीवर पडून राहिला. त्यानं तिचा हात तेवढा धरून ठेवला.

क्लासला ती कित्येक दिवस गेली नाही. गेली तेव्हा गादीवर पाऊल न ठेवता कोचला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.

"त्यांनी थाप मारली नाही हो," ती म्हणाली. "आणि मी वाट बघत होते. त्या माणसाला रोज मी भरवते आणि त्याच्या थापेची वाट बघत होते."

कोचचा चेहरा उतरला. तो भिंतीला टेकून खाली बसला, तो न वाकणारा पाय लांब करून. म्हणाला, "इतकी वर्षं शिकवतोय. समोरच्याला थाप माहीतच नसेल तर काय, हे कुणाला सांगितल्याचं आठवत नाही मला." फिजिओबाई ऐकत उभ्या होत्या.

मग त्या तिघांनी मिळून नुसतं धरून ठेवायचं काम सुरू केलं. त्याच हाफ गार्डमधून, पण मनगटाला हात न लावता. काखेतून हात घालायचा, डोकं छातीला चिकटवायचं, हळूच पाठीमागे सरकायचं आणि मागून मिठी मारावी तसं वजन सांभाळायचं. कुणी थाप मारो न मारो, त्यात कुणाचं काही मोडत नाही. कोच वर बसून मुद्दाम धिंगाणा घालायचा आणि थाप मारायचीच नाही असा हट्ट धरायचा. ते अवघड होतं. छोटीताई दोनतीनदा रडलीसुद्धा. पण शिकली. आणि पुढे व्यवस्थापक बाईंनी आश्रमातल्या पोरींना काहीतरी शिकवा म्हटलं, तेव्हा तिनं तेवढंच शिकवलं. कुणी अंगावर आलं तर उताणं पडायचं नाही, कुशीवर वळायचं, मधे गुडघा घालायचा आणि हाका मारायच्या. कुलपाचं नावही काढलं नाही.

काकांना आश्रमातून काढलं नाही. त्यांच्या खोलीत कायम दोघींनी जायचं आणि झोपलेल्याला हात लावण्याआधी दारातून हाक मारायची, असं ठरलं. त्या झटापटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी छोटीताई आणखी एका बाईला घेऊन भरवायला गेली तेव्हा तिचे पाय दारातच अडखळले. काका खिडकीशी बसले होते, हात गळ्यात. तिला पाहून चेहरा खुलला.

"सुपरवायझर! हे बघ काय झालंय माझ्या हाताला. कुणी केलं गं हे?"

ती समोर बसली. "मी केलं, काका."

त्यांचे डोळे विस्फारले. तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तोंडाचा आ तसाच राहिला.

"तू? एवढीशी?"

"हो. माझ्या हातून झालं. फार वाईट झालं."

"अरे बाप रे!" ते म्हणाले आणि बराच वेळ मान हलवत राहिले. रागावले नाहीत. नुसते थक्क झाले. मग तोंड उघडलं आणि तिनं घास भरवला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, कुणी केलं गं हे? दारावर आपटला, पडलात, काहीही सांगून भागलं असतं. बरोबरची बाई तसं डोळ्यांनी खुणावतही होती. छोटीताईनं "मी" असंच सांगितलं, आणि काका पुन्हा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे हादरले. "तू? एवढीशी?" हात गळ्यातून सुटेपर्यंत रोज सकाळी असंच चाललं. आणि रोज, तो धक्का त्यांच्या चेहऱ्यावर उमटायच्या आत, तिला तो स्वतःच्या छातीत आधी बसायचा.